जावयाच्या विनोदावर हसायचं नाही

आमच्या घरात माझ्याबद्दल एक गोष्ट बोलली जाते, की म्हातारीला जावई नावाचा प्राणीच चालत नाही. खरं आहे. आता नाही चालत. विशीतल्या मला मात्र इतका चालायचा, की जावई येणार म्हटलं की मी दोन वेण्या घालून, पावडर थापून फाटकाशी उभी. ती मुलगी मला आज रस्त्यात भेटली तर मी तिला चहा पाजणार नाही. तिच्या दोन वेण्यांची गाठ मारून तिला तिथेच विजेच्या खांबाला बांधून येईन.

आता नातीचं सांगते. दिवाळीनंतर तिला एक मुलगा सांगून आला आणि महिनाभरात सगळं ठरलंही. संक्रांत झाली की साक्षगंध. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. मुलगा उंच, दात छान, नोकरी चांगली. बोलणं असं, की पुण्याहून कुरिअरने मागवून घेतलंय. पहिल्यांदा आला तेव्हा संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला आणि येताच माझ्या पाया पडला. माझ्या मुलाशी क्रिकेट, सुनेशी तिच्या तर्रीचं कौतुक, माझ्याशी माझे गुडघे. जाताना म्हणाला, "आजी, तुम्ही तर हिच्या मोठ्या ताईच वाटता."

मी आरसा रोज बघते. मी काय वाटते ते मला माहीत आहे.

"किती लाघवी पोरगा आहे," सून म्हणाली.

"पॉलिश आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे फर्निचरले करतात ते."

तेव्हापासून घरातले माझ्याशी जपून बोलायला लागले.

आता, लाघवीपणावरून माणूस वाईट ठरवायचा तर निम्म्या नागपूरला तुरुंगात टाकावं लागेल. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. मी मोबाइलवर बघितलं. हल्ली तिथे सगळंच सांगतात. 'सायकोपॅथ कसा ओळखावा' म्हणून एक बाई हातवारे करून सांगत होती. म्हणे डोळ्यांत थंडपणा असतो. अहो, मोतीबिंदू झालेल्या सगळ्यांचेच डोळे थंड दिसतात. म्हणे गोड बोलतो, म्हणे खोटं बोलतो, म्हणे दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही. हे सगळं तो माणूस तुम्हाला दाखवेल कशाला? तो काय तपासणीला येऊन जीभ बाहेर काढणार आहे? त्या बाईला मी मनातल्या मनात सांगितलं, पोरी, तू चुकीच्या माणसाकडे बघून राहिली. त्याच्याकडे काही दिसत नसतं. जे दिसतं ते त्याच्या शेजारी बसलेल्या माणसात दिसतं.

आणि ते मला एका दुपारी दिसलं. नात माझ्याजवळ बसून संत्रं सोलत होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "आजी, मी आजकाल फार विसरून राहिली वं."

माझ्या हातातली फोड हातातच राहिली.

ही मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. आजपर्यंत याचं रक्त त्याच्या नावावर गेलेलं नाही. लहानपणी मी गोष्ट सांगताना एक शब्द बदलला तरी मला थांबवायची. आणि ही विसरते?

"काय विसरली?"

"काही पण. परवा त्यानं तीनला बोलावलं होतं, मी चारला पोचली. बिचारा तासभर उभा होता."

"तुले तीनच सांगितलं होतं?"

"मले तर चार ऐकू आलं होतं. पण तो म्हणाला तीनच सांगितलं. मग मीच विसरली असेल ना."

"मग रागावला?"

"नाही ना! तेच तर. एक शब्द नाही बोलला. माफ केलं. म्हणाला, रोज बदाम खात जा."

मी संत्र्याची फोड खाली ठेवली. न केलेल्या चुकीची माफी. ही वस्तू मी ओळखते. अशा माफ्या मी एका घरात डोळ्यांनी बघितल्या आहेत आणि त्यांच्यावर टाळ्या पिटल्या आहेत.

ते घर माझ्या मोठ्या बहिणीचं. तिचं सासर कन्हानचं. आमचं माहेर सक्करदऱ्याचं, तळ्याच्या अलीकडचं. भाऊजी घरात पाय ठेवायचे आणि आमचं घर म्हणजे एकदम उत्सव. ते पहिल्या पंगतीला, पुरुषांच्या मधोमध. बायका मागे. माझी आई तुपाची वाटी घेऊन त्यांच्या ताटावर पहारा करायची. आणि भाऊजी विनोद करायचे. आमच्याकडे जावयाच्या विनोदावर हसणं हा आहेराचाच भाग असतो. विनोद चांगला असो, वाईट असो, कोणावरही असो, जावयानं केला की सगळ्या घरानं हसायचं. वडील हसायचे, काका हसायचे, स्वयंपाकघरातून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसायचं ते मी सांगायला नको. दोन वेण्यांवाली.

त्यांचे विनोद एकाच विषयावर असायचे: ताई कशी विसरते. "आज हिनं भाजीत मीठच नाही टाकलं." हा हा. "काल हिला कपाटाची किल्ली सापडेना, अन् किल्ली कुठं, तर पिठाच्या डब्यात!" हा हा हा. "एक दिवस ही मलेच कुठं ठेवलं ते विसरणार, पाहजा." घर नुसतं दणाणून जायचं. ताई वाढता वाढता खाली बघून थोडीशी हसायची. हळूहळू तिनं सगळं पदराला बांधायला सुरुवात केली. किल्ल्या, सुट्टे पैसे, औषधाच्या गोळ्या. चालताना खुळखुळ वाजायची. आम्ही तिला बैल म्हणून चिडवायचो.

त्या वेळी दुष्ट माणूस ओळखण्यात मी अगदी पंडित होते. दुष्ट माणसाचे डोळे लाल असतात, मिशा मोठ्या असतात, तो दारू पितो आणि बायकोला मारतो. भाऊजींना मिशाच नव्हत्या. ते सुपारीसुद्धा खात नव्हते. त्यांनी ताईवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. माझी परीक्षा तिथेच संपली, आणि मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळी झाले. देवाजवळ मागायची, मलेही असाच नवरा दे. देवानं ऐकलं नाही. नवरा तिरसट मिळाला, जेवणात खोड काढणारा, सगळ्या गल्लीशी भांडणारा. रागावला की कपाळावर लिहिलेलं दिसायचं. किती सुखाचा माणूस होता तो, हे मला फार उशिरा कळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकदा ताईकडे कन्हानला राहायला गेले होते. भर दुपार, बाहेर चटका, घरात कूलरची घरघर. मी मागच्या खोलीत झोपले होते. तहान लागली म्हणून उठले आणि दारात आले. तर ताई जमिनीवर बसून चाचपत होती. फळीवर, पलंगाखाली, उशीखाली. तिला चष्म्याशिवाय हातावरचं दिसायचं नाही. भाऊजी खुर्चीत बसून फुटाणे खात होते. आणि चष्मा कूलरवर होता, तिच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंच.

त्या खोलीत त्यांना वाटत होतं की ते दोघंच आहेत. ताईला मी दिसणं शक्य नव्हतं. कूलरच्या आवाजात माझी चाहूल लागली नव्हती. आणि त्यांचा चेहरा मी बघितला. ते हसत नव्हते. एवढे विनोद करणारा माणूस, आपल्या आवडत्या विनोदाच्या ऐन मधोमध बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आपण मुंग्यांची रांग बघतो तसे ते बघत होते. ताईचा हात खुर्चीच्या पायाशी आला की ते पाय थोडासा मागे घ्यायचे. फुटाणा तोंडात टाकायचे. पुन्हा बघायचे.

मग त्यांना मी दिसले. आणि दिवा लावल्यासारखं हसू आलं. "पाह्यलं का साळीबाई, तुमच्या बहिणीनं चष्मा कूलरवर ठेवून देल्ला अन् आता शोधून राहिली!"

आणि मी काय केलं? मी हसले. जावई हसले की हसायचं, एवढंच माझ्या डोक्यात भरलेलं होतं, बाकी सगळी पावडर. ताईसुद्धा हसली. म्हणाली, "मी बी ना, कायले तिथं ठेवला असेल?"

ती कूलरवर चष्मा ठेवूच शकत नव्हती. तिचा हात तिथे पुरत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला अख्खं तारुण्य गेलं. हुशार मुलगी. कॉलेजात पहिला वर्ग होता हो माझा.

भाऊजी गेले. कधी गेले ते मी सांगणार नाही, मला ती तिथी पाळायची नाही. गेले तेव्हा घराण्यात मोठा शोक झाला, असा हसतमुख माणूस पुन्हा होणे नाही वगैरे. त्यानंतर ताई मुलाजवळ उमरेडला राहायला गेली. पुढच्या वर्षी मी तिच्याकडे राहून आले आणि निघताना एकदम लक्षात आलं, की या मुक्कामात ताईनं काहीच शोधलं नाही. किल्ल्या खिळ्यावर. चष्मा डोळ्यांवर. मीठ भाजीत. भाऊजी गेले आणि ताईचं विसरणं थांबलं. त्या घरात आजतागायत एक वस्तू हरवलेली नाही. पण घराण्यात अजून तिला विसरभोळीच म्हणतात. मी तिच्याशी यावर कधी बोलले नाही, तीही बोलली नाही. फक्त चष्म्याला तिनं काळा दोरा लावून गळ्यात घातलेला आहे, तो अजून काढलेला नाही.

तर नातीच्या तोंडून "मी विसरून राहिली" ऐकल्यावर मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. मी मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं.

"आई, वेळेचा घोटाळा कोणाचाही होते," मुलगा म्हणाला.

"तुम्ही त्याच्या मागं काहून लागल्या?" सून म्हणाली. "एवढा चांगला पोरगा हातचा गेला तर पोट्टीचं नुकसान कोण भरून देईल?"

तेव्हा मी ठरवलं, की आता आपणच गंमत करून बघू. याला गंमत आवडते ना? बघू, याची केली की कशी लागते.

पुढच्या रविवारी तो आला. येता येता गाडीची किल्ली टीपॉयवर ठेवली आणि हात धुवायला गेला. मी ती उचलली, दिवाणावर ठेवली आणि तिच्यावर बसले. माझं बूड भरपूर आहे, देवाची कृपा. किल्ली काय, कुकर लपेल.

निघायची वेळ झाली. किल्ली नाही. आधी तो हसला. मग हसू गेलं. राग आला असता तर मी समजून घेतलं असतं, माझ्या नवऱ्यानं तर घर डोक्यावर घेतलं असतं. याचा आवाज उलट खाली आला. अगदी मऊ.

"इथे ठेवली होती. कोणी घेतली?"

मुलगा सोफ्याखाली वाकला. सून पडदे झटकायला लागली. तो जागचा हलला नाही, नुसता बघत उभा राहिला. कोण वाकतंय, कोण रांगतंय. आणि मग नातीकडे वळला.

"तुझ्या हातात दिली होती मी."

"माझ्या?"

"हो. आल्या आल्या. विसरलीस?"

माझ्या बुडाखाली किल्ली टोचत होती, आणि माझ्यासमोर माझी नात आपली पर्स जमिनीवर उलटी करून म्हणत होती, "सॉरी, सॉरी, मी कुठं ठेवली असेल बरं..."

मी उठले. किल्ली वर धरली. "हे घ्या. मजा केली."

कोणी हसलं नाही. सासऱ्याच्या घरच्या म्हातारीच्या विनोदावर हसायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली. मी ती नजर फुटाण्यांसकट ओळखली. लगेच त्यानं माझा हात हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा. "आजी, किल्ली आपण कुठे ठेवली ते तुम्हाला आठवत तरी होतं ना?" आणि मुलाला बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "काका, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. या वयात सुरुवात अशीच होते."

किती काळजी करतो! सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगा खरंच मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं वार विचारला, महिना विचारला. मी त्याला वार सांगितला, तिथी सांगितली, आणि शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या धाग्यानं शिवलंय तेही सांगितलं. त्यानं मला परत पाठवलं. पण घरात मी आता विसरभोळी झाले होते. किती सोपं असतं ते बघा. एका रविवारात होतं.

नातीला एकटं गाठून मी म्हटलं, "पोट्टे, त्यानं तुले किल्ली देल्लीच नव्हती. टीपॉयवरून मी उचलली."

"त्याचा गैरसमज झाला असेल, आजी."

"मग सॉरी तू काहून म्हणत होती?"

ती म्हणाली, "सवय झाली." आणि उठून गेली.

संक्रांत जवळ आली. मी भांडणं सोडलं. फक्त एक गोष्ट मागितली. म्हटलं, साक्षगंधाच्या आधी एकदा ताईकडे उमरेडला, तिच्या मुलाच्या शेतावर रोडग्यांचा कार्यक्रम करू, जावईबापूंनाही बोलवा. मी जावईबापू म्हणाले म्हणून घरात इतका आनंद झाला, की कोणी जास्त विचारलंच नाही. ताईला मी काहीही सांगितलं नाही. एक शब्द नाही. कोणी शिकवलेले डोळे मला नको होते.

रोडगे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जाड कणकेचे तेल लावून पदरावर पदर घडी घातलेले गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजतात. वरून काळे, राखेनं भरलेले, आतून पांढरे. काढल्यावर कपड्यात घोळून राख झटकायची, मग मुठीनं फोडायचे आणि तूप ओतायचं. आरातून काढलेला रोडगा वरून साधा दिसतो. पण उघड्या हाताने तो धरायचा नसतो. आमच्याकडे रांगतं पोरही आराजवळ गेलं तर चार बायका ओरडतात.

ताईचा मुलगा आराशी बसून रोडगे उलटत होता. तुरीचं शेत पिवळं झालं होतं. पातेल्यात वांग्याची भाजी खदखदत होती. जावईबापू भारी रमले होते. गमछा डोक्याला बांधून "मी पण काढतो, मी पण काढतो" करत होते. बोलतही होते. नात उमरेडच्या रस्त्यावर कशी आपला फोन गाडीत असून पर्समध्ये शोधत होती. मुलगा हसला. सून हसली. ताई जराशा अंतरावर बाजेवर बसली होती. ती हसली नाही. तिनं गळ्यातला चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

त्यानं डोक्याचा गमछा सोडून, त्यात धरून आरातून एक रोडगा काढला. झटकला. नातीजवळ आला.

"घे. तुझ्यासाठी थंड करून आणलाय."

तिनं दोन्ही हात पुढे केले. त्यानं गमछा काढून घेतला आणि रोडगा तिच्या तळहातांवर सोडला.

ती किंचाळली. रोडगा मातीत पडला. मी तिच्याकडे धावले, सून धावली. आणि धावता धावता मी त्याच्याकडे बघितलं, कारण मला तेच बघायचं होतं. माणसाचा हात भाजला की माणूस हाताकडे बघतो. वैरी असला तरी हाताकडे बघतो. हा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. शांतपणे. फुटाणे तेवढे नव्हते.

मग आम्ही सगळे आहोत हे त्याला आठवलं. दिवा लागला. "अरे, मजा केली! काय हे, एवढ्याशा..."

माझ्या मुलाच्या तोंडून "हॅ हॅ" निघालंच होतं. सवय. माझ्या वडिलांपासून चालत आलेली.

"हसू नका."

बाजेवरून ताई बोलली. मोठ्यानं नाही. पण ताईचा आवाज घराण्यात कोणी असा ऐकलेलाच नव्हता, त्यामुळे तो "हॅ हॅ" मुलाच्या घशातच राहिला.

"कोणी हसू नका," ताई म्हणाली. "पाहू द्या त्याले."

कोणी हसलं नाही. सून नातीचे हात बादलीतल्या पाण्यात धरून बसली होती. गोवऱ्या तडतडत होत्या. जावईबापू हसत उभे होते, एकटेच. हसू एकट्यानं किती वेळ धरून ठेवता येतं? मी आयुष्यात पहिल्यांदाच मोजल्यासारखं बघत होते. थोडा वेळ टिकलं. मग सुटलं. आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं. लाज नाही, घाबरणं नाही, रागही नाही. मोकळा प्लॉट.

"एवढं काय झालं?" तो नातीला म्हणाला. "तूच घाईनं हात पुढे केलास."

नातीनं पाण्यातून मान वर केली. "तू म्हणाला, थंड आहे."

"मी असं म्हटलंच नाही."

"म्हणाला तू."

"नाही. तुला आठवत नाही. तुला हल्ली..."

"म्हणाला होता."

ताई बाजेवरून उठली होती. काठी न घेता चालत आली. त्याच्यासमोर नाही, नातीसमोर येऊन उभी राहिली. "थंड करून आणलाय म्हणाला होता. मी ऐकलं. माझे कान शाबूत आहे, अन् मले सगळं आठवते, बाई. पह्यलेपासून सगळं आठवते."

मी ताईच्या तोंडाकडे बघत राहिले. हे वाक्य तिच्यासाठी कोणी एकदा जरी बोललं असतं. कन्हानला. कूलरसमोर.

"मी पण ऐकलं," ताईचा मुलगा आराशी बसल्या बसल्या म्हणाला.

सून म्हणाली, "हव. म्हणाले होते."

माझा मुलगा जाऊन नातीच्या मागे उभा राहिला. जावयाशेजारची जागा सोडून.

नातीनं बादलीतून हात काढले. तळवे लाल झाले होते, एका बोटाला फोड टरारून आली होती. ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली, लॅबमध्ये काच वर धरून बघतात तशी.

"तू तीन नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "चार सांगितलं होतं."

तो तेव्हासुद्धा चिडला नाही. खांदे उडवले. हातातला गमछा बाजेवर टाकला, नीट घडी करून. आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं, की कार्यक्रम संपला, आता पुढच्या वाहिनीवर काय आहे. "तुम्ही सगळे फार सेन्सिटिव्ह आहात," असं काहीतरी म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला. किल्ली खिशातच होती. या वेळी कोणी बसलं नव्हतं तिच्यावर.

आमच्याकडे जावई निघाला की सगळं घर फाटकापर्यंत पोचवायला जातं. हातात डबा द्यायचा, पुन्हा या म्हणायचं, गाडी वळेपर्यंत हात हलवायचा. त्या दिवशी कोणी उठलं नाही. शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंतसुद्धा नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीचे पुतळे गावाबाहेर नेतात आणि लोक मागून ओरडतात, इडापिडा घेऊन जा. गाडीचा धूर रस्त्यावर वळला तेव्हा ताई, जिनं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, कमरेवर हात ठेवून ओरडली, "घेऊन जा गे मारबत!"

"ताई, पोळ्याला अवकाश आहे वं," मी म्हटलं.

"मी लय वर्सं थांबली," ती म्हणाली. "भाजी वाढ, थंड होऊन राहिली."

नातीला हातानं जेवता येत नव्हतं. ताईनं रोडगा फोडला, तूप ओतलं आणि तिला भरवायला बसली. संध्याकाळी परत निघताना मुलगा गाडीत म्हणाला, "उद्या त्यांच्या घरी फोन करतो. साक्षगंध नाही." नात मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती. म्हणाली, "आजी, माझी ओढणी शेतावर राह्यली."

"राह्यली, की विसरली?"

"विसरली," ती म्हणाली, आणि हसली. "खरोखर विसरली."

मला एकच गोष्ट अजून सलते. त्या दिवशी शेतावर दोन वेण्यांवाली असती, तर मला खात्री आहे, सगळे बसलेले असताना ती एकटीच गाडीमागे धावली असती, हातात डबा घेऊन: "जावईबापू, रोडगे तरी न्या!"